एका माणसापुरतं पाखरू

आमच्या घरमालकांनी मिशी काढली त्या सकाळी सगळ्या चाळीनं सुतक धरलं.

त्या काळी पुरुषाची मिशी उतरायची ती आईबाप गेल्यावर. मालकांचे वडील जाऊन जमाना झाला होता आणि आई त्याही आधी गेलेली. मग आता कोण गेलं? विचारायची सोय नव्हती. बिऱ्हाडकरू एकेक करून त्यांच्या ओटीवर जाऊन बसले, माना खाली घालून, उपरण्याच्या टोकाशी चाळा करत. खालच्या मजल्यावरचे मास्तर तर "मोठा आधार गेला" असं म्हणून मोकळेही झाले. मालक सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होते. शेवटी त्यांनीच घाबरून विचारलं, "काय हो, कोण गेलं?"

गेली होती ती नुसती मिशी, आणि तीही वजन कमी करायचं म्हणून.

"मिशीचं वजन ते किती, मालक?" मास्तरांनी जरा रागानंच विचारलं. वाया गेलेलं दुःख माणसाला फार झोंबतं.

"किती हा प्रश्नच नाही," मालक म्हणाले. "हवी कशाला, हा प्रश्न आहे. जमिनीवर आपण काय काय बाळगतो ते कळत नाही, कारण ते जमीन उचलते. वर जायचं तर सगळं आपल्यालाच उचलावं लागतं."

ही गोष्ट मी लग्न होऊन गिरगावात आले त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षाची. आता डोक्यावरून विमानं जातात आणि माझी नातवंडं मान वर करायचेही कष्ट घेत नाहीत. पण त्या वेळी विमान म्हटलं की लोकांना एकच ठाऊक, तुकाराम महाराज वैकुंठाला गेले ते. राजापूरकडच्या खेड्यातून आलेली मी, चाळीच्या वरच्या मजल्यावर पाऊल ठेवलं आणि माळ्याच्या तुळईला हे एवढं मोठं वटवाघूळ टांगलेलं पाहिलं. किंचाळायचीच बाकी होते. आमचे हे म्हणाले, "घाबरू नकोस, ते मालकांचं पाखरू आहे." तेवढ्यानं माझी भीती कशी जावी ते त्यांनाच माहीत.

पाखरू म्हणजे बांबूच्या कामट्यांचे दोन लांब पंख, त्यांवर दोरीनं आवळून ताणलेला मांजरपाट, मागे शेपटी, आणि मधोमध एका माणसापुरती मोकळी जागा. त्या जागेत उभं राहायचं, दोन बांबू काखेत घ्यायचे, आणि टेकडीवरून वाऱ्याच्या तोंडावर धावत सुटायचं. पाय जमिनीवरून सुटले की वेताच्या एका पट्टीवर बूड टेकायचं. ना इंजिन, ना फुगा. घार जशी पंख न हलवता तरंगते तसं तरंगत खाली यायचं, की झालं. जर्मनीत कोणी गृहस्थ असा उडतो म्हणे. त्याचं चित्र कुठल्याशा विलायती मासिकात आलं होतं, ते कापून मालकांनी देव्हाऱ्याच्या शेजारी भिंतीला लावलं होतं. आक्का, म्हणजे मालकांची थोरली बहीण, रोज देवांना फूल वाहताना त्या चित्राकडे नजर जाऊ नये म्हणून मान वाकडी करून बसायच्या.

फुग्याला मालक नावं ठेवायचे. मी यायच्या आधी परळला एक साहेब फुग्यातून वर गेला होता आणि वरून छत्री धरून उतरला होता. सगळी मुंबई लोटली होती बघायला. मालकही गेले आणि तोंड पाडून परत आले. "तो कुठे उडाला? त्याला वाऱ्यानं नेला," म्हणाले. "उद्या वारा सुटला तर माझं धोतरही उडेल. त्याला काय टाळ्या वाजवायच्या?"

दर सोमवारी ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जात आणि तांदळाची पोती तोलायच्या मोठ्या काट्याच्या पारड्यात मांडी घालून बसत. वाणी गंभीर चेहऱ्यानं दुसऱ्या पारड्यात वजनं टाकी. रस्त्यावरची माणसं थांबत. "मालक, अर्धा शेर वाढलात," वाण्यानं म्हटलं की त्या आठवड्यात आक्कांच्या हातचं पुरण आमच्याकडे यायचं. त्यामुळे मालकांचं वजन वाढलं की आम्हा बिऱ्हाडकरूंना आनंदच व्हायचा. पाखराचंही तेच. कामट्या तासून तासून त्यांनी इतक्या बारीक केल्या होत्या की आमचे हे म्हणायचे, आणखी एक वर्ष तासल्या तर पाखरू आपोआप उडून जाईल, मालकांची गरजच नाही.

दुपारी त्यांना शोधायचं तर मासळीबाजारात जायचं. जन्मात मासा न चाखलेला हा माणूस नाकाला उपरणं लावून बाजाराबाहेर तासन् तास उभा असायचा, कारण तिथे घारी येत. घार वळताना शेपूट कशी मुरडते, खाली येताना पंखांची टोकं कशी वर करते, हे बघत ते मान मोडेस्तोवर उभे राहत. लोकांनी अर्थात व्हायचा तोच अर्थ केला. "सोवळं घरात, पापलेट बाजारात," असं कोणीसं म्हणालंही. मालकांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच बोलले, "पापलेट उडत असतं तर खाल्लंही असतं."

तिथेच त्यांची हिराजीशी गट्टी जमली. हिराजी शिवडीचा कोळी. शिडाचं कापड कसं आवळायचं हे मालकांनी त्याला विचारलं, आणि त्यानं हसू न दाबता, पण नीट दाखवून, ते शिकवलं. शिवडीच्या मिठागरांवरची टेकडीही त्यानंच सुचवली. थंडीत सकाळी तिथे मतलई वारा येतो, तो खाडीवरून सरळ टेकडीच्या तोंडावर, आणि खाली मऊ चिखल. "पडलाव तं चिकलान पडाल मालक, हाडा तरी ऱ्हातील," असं त्याचं म्हणणं.

एका माणसापुरती जागा, हे मात्र मालकांनी कधी बदललं नाही. एका सर्कशीचा मालक घरी आला होता. म्हणाला, माझ्याकडे दोरीवर चालणारा एक पोऱ्या आहे, तुमच्या निम्म्या वजनाचा. त्याला बसवा, मी तंबूबाहेर खेळ लावतो. मालकांनी त्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर म्हणाले, "माझी हौस, आणि मान मोडायची दुसऱ्याच्या पोराची? हा कुठला न्याय? पाखरात जागा एकच आहे, आणि ती माझी आहे."

हे ऐकून आम्हाला त्यांचं कौतुक वाटलं. स्वयंपाकघरात आक्कांच्या हातातली पळी मात्र जागच्या जागी थांबली होती.

आक्कांचं सांगायलाच हवं. सातव्या का आठव्या वर्षी त्यांचं लग्न झालं, आणि सासर नीट पाहायच्या आत त्या माहेरी परत आल्या, विधवेचं आलवण नेसून. आई गेली तेव्हा मालक रांगत होते. त्यांना आक्कांनी वाढवलं. पुढे मालकांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, आणि त्या घरात ही दोघं भावंडंच उरली. आक्का जिना उतरायच्या त्या फक्त विहिरीवर जायला. चाळीच्या दाराबाहेर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मालक एकदा पडलेही होते. चाळीच्या मागे घोड्यांचा तबेला होता, त्याच्या छपरावरून, खाली गवताची गंजी रचून त्यांनी पहिली उडी टाकली. गंजी राहिली बाजूला आणि मालक पडले फरशीवर. खांदा निखळला. तबेल्यातल्या घोड्यांनी दावी तोडली आणि त्यांतला एक थेट ठाकूरद्वारापर्यंत गेला. हाड बसवणाऱ्यानं खांदा खटकन बसवला तेव्हा मालक ओरडले नाहीत. आक्का ओरडल्या.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे तांदूळ निवडायला बसले असताना आक्का मला म्हणाल्या, "पोरी, याला काही झालं तर ही चाळ चुलतभावांची. ते मला टाकायचे नाहीत, वाईट नाहीत ते. त्यांच्या स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात ठेवतील, आणि मी त्यांच्या सुनांची उष्टी काढीन. पण ते राहू दे. ते मी काढीनही. मला एकच भाऊ आहे ग. मी त्याला दूधभात भरवलाय. तो पडतो कसा ते मी बघायचं का?"

माझं वय तेव्हा सोळा-सतरा. मी खडे निवडत राहिले.

तर, प्लेगाच्या आदल्या हिवाळ्यात पाखरू तयार झालं. आमचे हे लालबागच्या एका गिरणीत कारकून होते, त्यांनी हलक्यात हलकं मांजरपाट आणून दिलं. पण कोरं कापड वारा धरत नाही, त्यातून तो आरपार जातो. म्हणून मालकांनी तांदळाची दाट खळ शिजवून कापडाला दोन्ही अंगांनी चोपडली, उन्हात वाळवली, परत चोपडली. कापड असं कडक झालं की वाजवलं तर ढोलकीसारखं बोलायचं. मालक येईल त्याला एक तुकडा देत आणि सांगत, "ओठाला लावा आणि फुंका." फुंकर पलीकडे जात नसे. मास्तरांनीही फुंकून पाहिलं. मास्तर फार जपणारे. कानाला फडकं बांधल्याशिवाय गॅलरीत येत नसत, पाणी उकळल्याशिवाय पीत नसत. फुंकून झाल्यावर ते म्हणाले, "सगळं खरं, मालक. पण देवानं माणसाला पाय दिलेत ते कशाला?"

"टेकडीवर चढायला," मालक म्हणाले.

पंखांचं कापड सोडून, घडी करून वेगळं न्यायचं आणि टेकडीवर दोरीनं आवळायचं, असं ठरलं. सांगाडा हिराजीच्या माणसांनी आधीच नेला. निघायच्या आदल्या दिवशी आक्कांनी सांगितलं, "देवापुढे ठेवल्याशिवाय न्यायचं नाही. हळदकुंकू मी लावणार नाही, भटजी लावतील. पण पूजा व्हायला हवी." मालकांना त्याचा आनंदच झाला. बहिणीनं पाखराची पहिल्यांदाच दखल घेतली होती.

त्या दुपारी मी विहिरीवर गेले तर आक्का कापड धूत होत्या. हे एवढं कापड. दगडावर आपटत होत्या, पिळत होत्या, आणि मोरीतून पेजेसारखं पांढरं पाणी वाहत होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "शिजल्या तांदळाची खळ ती. खरकटंच की. खरकटं कापड देवापुढे कसं ठेवायचं?" मला ते पटलं. आमच्याकडेही भाताचा हात तसाच कशाला लावला असता तर सासूनं घर डोक्यावर घेतलं असतं. मीही दोन टोकं धरून पिळायला मदत केली. संध्याकाळपर्यंत कापड वाळलं, आक्कांनी घडी घातली, वर दुसरं धोतर गुंडाळलं, आणि सकाळी भटजींनी त्या गाठोड्यालाच हळदकुंकू लावलं. मालकांनी नमस्कार केला आणि गाठोडं छातीशी धरून निघाले.

टेकडीवर काय झालं ते मला आमच्या ह्यांनी सांगितलं. अर्धं गिरगाव आलं होतं. परळ-लालबागचे गिरणीतले लोक पाळी सुटल्यावर घरी न जाता तिथे जमले होते. मालकांनी गाठोडं सोडलं, कापड हातात घेतलं, आणि ते तसेच उभे राहिले. मग एक कोपरा उचलून त्यांनी ओठाला लावला आणि फुंकर घातली. आमचे हे शेजारीच होते. म्हणाले, फुंकर पलीकडे माझ्या हाताला लागली.

मालकांनी कापडाची परत घडी घातली. लोकांकडे वळून म्हणाले, "आज वारा नाही."

वारा असा सुटला होता की मास्तरांची पगडी दोनदा उडाली होती. हिराजी म्हणाला, "वारा तं हाय की मालक. लय ब्येस हाय." लोक हसायला लागले. कोणी म्हणालं, मालकांचं अवसान गळालं. कोणी म्हणालं, घारीची कोंबडी झाली. मालकांनी एकदा सांगितलं असतं की कापड कोणीतरी धुतलंय, तर एकही जण हसला नसता. पण मग कोणी धुतलं, हा पुढचा प्रश्न आला असता. ते ऐकत राहिले, आणि परत एवढंच म्हणाले, "नाही. आज वारा नाही."

ही म्हणच पडली आमच्या चाळीत. नळावरून आळीपाळीनं पाणी भरायला कोणी टाळाटाळ केली की दुसरी म्हणायची, "हिच्याकडे आज वारा नाही." मालकांसमोरही म्हणत. मालकही हसत.

ते परत आले तेव्हा मी आक्कांपाशीच होते. त्या सकाळपासून पाणीसुद्धा न पिता चुलीपुढे बसल्या होत्या. मालकांनी गाठोडं खुंटीला अडकवलं, पाय धुतले, आणि पाटावर बसले.

"खरकटं होतं का ग?" त्यांनी विचारलं.

"हो," आक्का म्हणाल्या.

"मग बरं केलंस."

त्या वाढायला लागल्या. भात पानाबाहेर पडला. मालक तो वेचून पानात घेत होते. मग आक्का भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "खरकट्याचं निमित्त होतं."

"कळलं मला," मालक म्हणाले. "आमटी वाढ."

त्या दिवसापासून मालकांनी एक विचित्र नेम धरला. आमच्या ह्यांनी चांगल्या मनानं सांगितलं होतं, "गिरणीत खळीची पिंपं भरलेली असतात, मी बादलीभर आणून देतो, एका दिवसाचं काम." मालक नको म्हणाले. वाणी तांदूळ घेऊन आला, नको म्हणाले. स्वतः शिजवायचीही नाही. "खळ आक्काच्या चुलीवरची, आक्काच्या हातची. तिनं शिजवली तर." बस्स. लोकांना वाटलं, पराभवानं माणूस हेकट झाला. मला वाटतं, त्यांच्याइतकी सरळ गोष्ट त्या चाळीत कोणी केली नाही. आपल्या मरणाचं दुःख ज्याला होणार, त्याच्या हातात त्यांनी दोरी दिली होती. मी भल्याभल्यांचे संसार पाहिलेत. बायकोला न विचारता घर विकणारे पाहिलेत, आईला न सांगता आगबोटीत बसणारे पाहिलेत. असं विचारणारा हा एकच पाहिला.

मात्र ते विचारायचे. सणासुदीला, जेवण झाल्यावर, सुपारी कातरता कातरता. "आक्का, खळ शिजवतेस?" आणि आक्का म्हणायच्या, "तांदूळ जुने झालेत," नाहीतर "चूल सारवलीय आत्ताच." मग दोघं दुसऱ्या विषयावर बोलायची.

त्या पावसाळ्यात आमच्या ह्यांनी गॅलरीत वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं, जर्मनीतला तो उडणारा गृहस्थ पडून गेला. आक्कांनी दाराआडून ऐकलं. मालक उठले, विहिरीवर गेले आणि अंगावरच्या धोतरानिशी त्यांनी घागरीमागून घागर डोक्यावर ओतून घेतली. सोयरिकीतलं कोणी गेल्याची खबर आली की करतात तशी. ओलेत्यानं वर आले तेव्हा आक्कांनी विचारलं, "तुझा तो कोण लागत होता?"

"आपल्यातलाच एक," मालक म्हणाले.

आक्कांनी कोरडं धोतर पुढे केलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, बघ, मी सांगत नव्हते? त्या पाट मांडायला आत गेल्या.

आणि मग उंदीर पडायला लागले. प्लेगाबद्दल मी फारसं लिहीत नाही, ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांनी सुखी असावं. मला गावी धाडलं होतं. मी परत आले तेव्हा चाळीत उजेड यावा म्हणून सरकारी माणसांनी छपराची कौलं काढली होती, आणि वरच्या मजल्यावरून आभाळ दिसत होतं. मास्तर गेले होते. मास्तर, त्यांची बायको, आणि धाकटा मुलगा. त्यांच्या दाराला कुलूप होतं आणि कडीला त्यांचं ते कानाचं फडकं कोणीतरी बांधून ठेवलं होतं. मी जिन्यातच बसून रडले. मास्तरांचा मला नेहमी राग यायचा, पण मी रडले.

मालक आणि आक्का दोघंही वाचले होते. पण मालक आता सोमवारी वाण्याकडे जात नव्हते. मासळीबाजारातही जात नव्हते. छपराचं काम चालू होतं म्हणून पाखराचा सांगाडा खाली उतरवून जिन्याखाली ठेवला होता, त्यावर कोणी ओले पंचे टाकले तरी ते काही म्हणत नसत. आक्कांना त्यांनी खळीचं विचारलं नाही. सणाला नाही, एरवीही नाही. जेवायचे, झोपायचे, परत जेवायचे. मिशी वाढली होती.

पौषात एका सकाळी मी विरजण मागायला गेले, तर आक्कांच्या चुलीवर मोठं पातेलं चढलेलं. तांदूळ रटरट शिजून लगदा होत आला होता.

"आज पेज कोणासाठी, आक्का?"

"पाखरासाठी."

मी तिथेच बसले. आक्का ढवळत होत्या आणि माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "मास्तर किती जपायचे. पाणी उकळून, कान बांधून. मला वाटायचं, असं जपलं की माणूस राहतो. ते अंथरुणात गेले, पोरी. कुठून उडीही न मारता." त्यांनी चुलीत लाकूड सारलं. "आणि हा माझ्यापुढे जेवतो, आणि वरही बघत नाही आता. छप्पर नाही, आभाळ उघडं आहे, तरी बघत नाही. मी राखला म्हणतेय, पण राखला तो कोण?"

"आणि चुलतभाऊ?" मी विचारलं.

"काढीन उष्टी," आक्का म्हणाल्या.

मालक आले. पातेल्याकडे बघत दारात उभे राहिले. मग जवळ येऊन त्यांनी खळीत बोट घातलं आणि दोन बोटांत चोळून पाहिलं.

"जरा दाट झालीय," म्हणाले.

"मग पाणी घाल. मला काय सांगतोस?" आक्का म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या, धूर फार झाला म्हणून.

चौकात कापड पसरलं आणि उरलीसुरली सगळी चाळ हातानं खळ चोपडायला बसली. एक म्हातारी कुरकुरली, सगळं अंगण खरकटं झालं म्हणून. आक्का वरून म्हणाल्या, "होऊ दे. मी शेण फिरवीन नंतर." त्यावर बोलायची कोणाची छाती नव्हती. मालकांनी मिशी काढली. या वेळी कोणी भेटायला आलं नाही.

टेकडीवर या वेळी गर्दी नव्हती. प्लेगानंतर लोकांना तमाशाची हौस उरली नव्हती. हिराजी आणि त्याचे दोन भाऊ, आमचे हे, वाणी, चाळीतली चार माणसं. आणि आक्का. बैलाच्या रेकल्यात बसून, सगळ्या रस्त्यात डोळे मिटून त्या आल्या होत्या. आम्ही दोघी खाली मिठागराच्या बांधावर, जरा बाजूला उभ्या राहिलो. ऊन कोवळं होतं. खाडीवरून वारा येत होता, थंड, सारखा. वर टेकडीवर त्यांनी पंख जोडले, आणि मालक त्या मधल्या जागेत जाऊन उभे राहिले. इतके लहान दिसत होते.

आक्कांनी टेकडीकडे पाठ केली. पलीकडे तिवरांची झाडी होती, तिकडे तोंड करून, मान खाली घालून त्या उभ्या राहिल्या.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"उभे आहेत. बांबू काखेत घेतले."

"आता?"

"हिराजीनं पंखाचं टोक धरलंय. सोडलं. धावतायत."

"आता?"

मालकांचे पाय अजून धावत होते, पण खाली जमीन नव्हती. हवेतच धावत होते ते.

"अग, बोल ना."

"वर आहेत, आक्का."

त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं गार पडली होती.

"अजून?"

"अजून. आपल्या गॅलरीएवढे वर. आता पाय जवळ घेतले. बसले. पट्टीवर बसले, आक्का."

"अजून?"

"अजून. मिठागरावर आले. आमच्या ह्यांची टोपी पडलीय, ते खालून धावतायत. मालक वळतायत. नाही, सरळ झाले."

"अजून?"

"अजून," मी म्हटलं, आणि मला रडू आलं, कारण ते खरंच अजून होते. आवाज नव्हता काही. एवढा मोठा माणूस, पन्नाशीला आलेला, कोणाच्याही आधाराशिवाय हवेत बसला होता आणि खालच्या पाण्यात त्याचं पांढरं पाखरू दिसत होतं. आम्ही सगळे नुसते बघत होतो. मग एक पंख खाली कलला, टोक पाण्याला लागलं, आणि सगळं एकदम भिंगरीसारखं फिरून चिखलात बसलं. कामट्या मोडल्याचा आवाज बांधापर्यंत आला.

तो आवाज आक्कांनी ऐकला आणि त्या वळल्या. मी हात धरून थांबवीपर्यंत त्या बांध उतरल्या होत्या. आलवण गुडघ्यावर खोचून, चिखलात पोटऱ्यांपर्यंत जात, हिराजीच्याही आधी त्या पोचल्या. मी मागोमाग. मालक कंबरेपर्यंत रुतून कामट्यांच्या पसाऱ्यात बसले होते. कपाळावरून रक्त येत होतं आणि डावा पाय भलतीकडे वळला होता. आक्कांनी आधी त्यांची मान चाचपली, मग खांदे, मग एकेक हात, बोटं, न्हाऊ घातलेल्या पोराला चाचपावं तसं. पायाला हात लागला तेव्हा मालक कळवळले.

"पाय मोडला," आक्का म्हणाल्या. "एवढंच?"

"एवढंच." मालक धापा टाकत होते. चेहरा चिखलानं भरलेला, आणि त्यात ते हसत होते की रडत होते ते मला आजही सांगता यायचं नाही. "आक्का, वरून सगळ्यांची तोंडं दिसली मला. सगळे वर बघत होते. हिराजी, वाणी, ही पोर. तुझी तेवढी पाठ दिसली. तू का नाही बघितलंस?"

आक्का त्यांच्या शेजारी चिखलातच बसल्या. पदर ओला करून त्यांनी मालकांच्या कपाळावरचं रक्त पुसलं, डोळ्यांवरचा चिखल पुसला, उतरलेल्या मिशीच्या जागेवरचा पुसला.

"आपल्या माणसाचीच दृष्ट आधी लागते रे," त्या म्हणाल्या. "आता उतरलास. आता बघते."